केसरबाईंची तबकडी

केसरबाई केरकर हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी आजीच्या नाहीतर सासूबाईंच्या तोंडून ऐकलं असेल. गाणं मात्र फारसं कानावर पडलं नसेल, कारण बाईंनी ते सहजासहजी कुणाच्या हाती लागू दिलंच नाही. आणि गंमत बघा, माणसाचा जो आवाज पृथ्वीपासून सगळ्यात लांब जाऊन पोचलाय, त्यात त्यांचा आवाज आहे. तोही तबकडीवर!

त्यांचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. घर कलावंत समाजातलं. गाणं घरात होतं, पण त्या काळी अशा घरातल्या मुलीला टाळ्या मिळायच्या, मान मिळेलच असं नाही. आठ वर्षांची पोर कोल्हापूरला गेली, अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकली. मग पुन्हा गोवा, तिथे रामकृष्णबुवा वझे. सोळाव्या वर्षी मुंबई गाठली. तिथे सतारवादक बरकतुल्ला खाँ झाले, भास्करबुवा बखले झाले. प्रत्येक वेळी घडी बसतेय न बसतेय तोच शिकवणी तुटायची.

१९२१ साली त्यांनी जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला. तिशीला टेकलेल्या होत्या, नाव होऊ लागलं होतं. अशा वेळी पुन्हा विद्यार्थिनी होऊन पाटी कोरी करायची, हे सोपं नाही हो! आपण तिशीत शिवणाचा क्लास लावायचा म्हटलं तरी घरात चार जण हसतात. बाईंनी मात्र तब्बल अकरा वर्षं सलग तालीम घेतली. पुढे १९४८ मध्ये कलकत्त्याने त्यांना ‘सूरश्री’ म्हटलं, १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, १९६९ मध्ये पद्मभूषण.

त्यांनी रेकॉर्डी दिल्या, पण मोजक्याच. ७८ च्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तासभर उलगडायचा राग तेवढ्यात कसा बसवायचा? त्यांच्या गुरूंनी तर एकही रेकॉर्ड मागे ठेवली नाही. मैफलीत कुणी चोरून गाणं टिपून घेतलेलं बाईंना खपत नसे. लोक त्याला तोरा म्हणायचे. मला तो तोरा वाटत नाही. जिच्याकडे ना जमीनजुमला ना आडनावाचा आधार, तिची सगळी पुंजी गळ्यात. ती पुंजी तिने जपून वापरली तर बिघडलं कुठं?

आता थोडं आमच्या माथेरानचं. इथे मोटारी दस्तुरीच्या नाक्यावरच थांबतात. पुढे सामान यायचं ते घोड्याच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. त्यामुळे वर आलेल्या प्रत्येक वस्तूला कुणाच्या तरी घामाचा हिशेब असतो. आमच्या सासऱ्यांची रेकॉर्डींची पेटी अशीच वर आली. लेक म्हणते, आई, हे सगळं मोबाइलवर मिळतं, कशाला अडगळ? तिचं खोटं नाही. पण मोबाइलवरची ती जुनी गाणी आली कुठून? कुणीतरी जुन्या रेकॉर्डी सांभाळल्या, धूळ पुसली, सुई लावली, म्हणून ना? मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड जमवणाऱ्यांची एक संस्थाच आहे. पेटी फुटली की तिच्यातलं गाणं मोबाइलवर आपोआप उगवत नाही.

केसरबाईंच्याच बाबतीत हे घडलं. १९७७ मध्ये अमेरिकेच्या नासाने व्हॉयेजर नावाची दोन यानं पाठवली. सोबत एक तबकडी, परग्रहावर कुणी असलंच तर त्यांना आपली ओळख म्हणून. कार्ल सेगन यांच्या मंडळींनी जगभरातून संगीताचे सत्तावीस तुकडे निवडले. रॉबर्ट ब्राऊन या संगीत अभ्यासकाने केसरबाईंची भैरवी सुचवली, ‘जात कहाँ हो’. पण रेकॉर्ड मिळेना! बऱ्याच शोधानंतर ती सापडली न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात. त्या दुकानदाराने ते खोकं अडगळ म्हणून टाकलं असतं तर?

ती साडेतीन मिनिटांची भैरवी सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर कोरली गेली. पंचावन्न भाषांतल्या नमस्कारांत आपली मराठीही आहे. दोन्ही यानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघाली, दुसरं उडालं ५ सप्टेंबरला. बाई गेल्या १६ सप्टेंबरला, अकरा दिवसांनी. २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ सूर्याच्या प्रभावाच्या कक्षेबाहेर पडलं. आज ते २,४०० कोटी किलोमीटरहून दूर आहे.

या यानांसोबत त्या शास्त्रज्ञांनी सुईसुद्धा पाठवलीय, आणि ती कशी लावायची हे वेष्टनावर चित्रांनी कोरून दिलंय. नुसती रेकॉर्ड देऊन काय उपयोग, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या सासऱ्यांच्या फोनोची सुई मात्र केव्हाच झिजलीय. पुढच्या मुंबईच्या फेरीत चोर बाजारात बघायला हवी.