थॉमस हक्सली आणि आयल ऑफ वाइटचा छोटा डायनोसॉर

थॉमस हेन्री हक्सली म्हटले की डार्विनचे कट्टर पाठीराखे आठवतात. पण आपल्या मुलांच्या आवडत्या डायनोसॉरांशीही त्यांचे जवळचे नाते आहे.

४ मे १८२५ रोजी ईलिंग येथे त्यांचा जन्म झाला. वडील गणिताचे शिक्षक, पण घरची परिस्थिती बेताची. शाळा मिळाली जेमतेम दोन वर्षे. बाकी सारे, अगदी जर्मन भाषासुद्धा, ते स्वतःच शिकले. शिष्यवृत्तीवर वैद्यकीय शिक्षण घेऊन १८४६ मध्ये ते 'रॅटलस्नेक' जहाजावर साहाय्यक सर्जन म्हणून निघाले. चार वर्षे समुद्री प्राण्यांचा अभ्यास केला आणि १८५४ पासून लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकवू लागले.

आयल ऑफ वाइट बेटावर १८४९ मध्ये एक लहान सांगाडा सापडला होता. ते इग्वानोडॉनचे पिल्लू, असा रिचर्ड ओवेन यांच्यासारख्या दिग्गजाचा निर्वाळा होता. पुढे तिथलेच एक पाद्री, विल्यम फॉक्स, यांना आणखी हाडे व एक कवटी मिळाली. इग्वानोडॉनच्या तोंडात अगदी पुढे दात नसतात; या प्राण्याच्या वरच्या जबड्यात मात्र पुढे दोन्ही बाजूंना पाच-पाच दात होते! १८६९ मध्ये हक्सली यांनी तो स्वतंत्र प्राणी ठरवला आणि फॉक्स यांच्या सन्मानार्थ नाव दिले हिप्सिलोफोडॉन फॉक्सी. ओवेन यांना ते पटले नाही, पण नाव टिकले.

सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी दोन पायांवर धावणारा, शाकाहारी आणि जेमतेम दोन मीटर लांब. त्याच्या कमरेचे एक हाड पक्ष्यांसारखे मागे वळलेले होते. पक्षी आणि डायनोसॉर यांचे नाते सांगताना हक्सली यांनी या हाडाचा आधार घेतला. १८८७ मध्ये हॅरी सीली यांनी कमरेच्या हाडांवरूनच डायनोसॉरांचे दोन गट पाडले. गंमत अशी, की पक्षी आले ते दुसऱ्याच गटातून! हिप्सिलोफोडॉन त्यांचा पूर्वज नव्हे. पण पक्ष्यांचे मूळ डायनोसॉरांकडे शोधण्याची हक्सली यांची दिशा मात्र बरोबर ठरली.

२९ जून १८९५ रोजी ईस्टबोर्न येथे त्यांचे निधन झाले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये हक्सली आणि ओवेन या दोघांचेही पुतळे आहेत. फॉक्स यांनी जमवलेली हाडेही त्याच संग्रहालयाकडे आली. मुलांना डायनोसॉर दाखवायला न्याल, तेव्हा या दोघांचीही भेट जरूर घ्या.