भगिनी सुब्बलक्ष्मी

तेव्हाच्या मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई नगरीत बालविधवांच्या दुःखाने हळहळणारे सज्जन थोडे नव्हते. मूळ महाराष्ट्रीय घराण्यातील, एके काळी इंदूरचे दिवाणपद भूषविलेले रघुनाथराव शास्त्राधार देऊन विधवांच्या पुनर्विवाहाचे समर्थन करीत. सभा भरत, ठराव संमत होत, श्रोते सद्गदित अंतःकरणाने घरी परतत. परंतु घराच्या कोपऱ्यात मूक बसलेल्या आपल्याच विधवा कन्येसाठी काही करावयाची वेळ आली की बहुतेकांचे पाऊल अडखळे. त्यांचा हेतू खोटा होता असे मुळीच नाही. अर्जुनाच्या अंतःकरणातही करुणाच दाटली होती. तरी भगवंतांनी त्याला रथात बसून राहू दिले नाही.

याच मद्रास नगरीत मैलापूर येथे इ. स. १८८६ मध्ये एका तमिळ ब्राह्मण कुटुंबात सुब्बलक्ष्मींचा जन्म झाला. अकराव्या वर्षी विवाह झाला आणि थोड्याच अवधीत वैधव्य आले. पित्याचे नाव सुब्रह्मण्य अय्यर. त्यांनी व्याख्यान दिले नाही की ठराव मांडला नाही. त्यांनी मुलीला शिकविले, इतकेच. विधवेने केशवपन करून अंधारात आयुष्य कंठावे ही त्या काळची रूढी, आणि ती मोडणाऱ्या पित्यास आप्तेष्टांचा रोष सोसावा लागे. घरात वालांबाळ नावाची मावशी होती. तीही बालविधवाच. भाचीच्या शिक्षणास तिने आपल्या मायेचा आधार दिला. सुब्बलक्ष्मी प्रथम ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत शिकल्या. त्या जोगिणींची निरलस सेवा पाहून आपल्या धर्मातील दुर्दैवी मुलींसाठी असेच काही करावे, ही ओढ त्यांच्या मनात रुजली. धर्म मात्र त्यांनी सोडला नाही. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९११ साली त्या पदवीधर झाल्या. मद्रास इलाख्यात हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच हिंदू विधवा होत.

पदवीबरोबर कीर्ती आली. पण त्यांनी त्याच वर्षी एग्मोर येथील आपल्या घरी चार ब्राह्मण बालविधवा आणून ठेवल्या. अवघ्या चार! इलाख्यातील असंख्य विधवांच्या मानाने ही संख्या नगण्यच म्हणावी लागेल. तथापि त्या चौघींना दोन वेळचे अन्न, पाटी-पुस्तक आणि हाक मारणारे माणूस लाभले. स्वयंपाकघर व मुलींची देखभाल वालांबाळ मावशीने पत्करली. शिक्षण खात्यातील निरीक्षिका मिस लिंच यांनी साहाय्य केले, आणि पुढील वर्षी शारदा महिला संघ स्थापन झाला. विधवेचे दर्शनही अशुभ मानणाऱ्या वस्तीत अशा मुलींच्या मेळाव्यास जागा मिळणे सोपे नव्हते. अखेर ट्रिप्लिकेनच्या समुद्रकिनाऱ्यावरील 'आइस हाऊस' ही वास्तू त्यांना मिळाली. अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठविण्यासाठी ती बांधलेली होती, आणि पाश्चात्त्य देशांतून परतल्यावर १८९७ साली स्वामी विवेकानंदांनी तेथेच मुक्काम केला होता. ज्या भिंतींनी स्वामीजींची वाणी ऐकली, त्याच भिंतींत आता लहान मुली धडे घोकू लागल्या.

आश्रमात जुन्या घरातील आचार आणि सोवळे-ओवळे पाळले जाई. सुधारकांना हे भित्रेपणाचे वाटे. सनातन्यांना तर मुलींचे शिकणेच अतिरेकी वाटे. सुब्बलक्ष्मींनी दोहोंचे बोल सोसले. आचार मोडला असता तर कोणताही पिता आपली मुलगी त्यांच्या हाती सोपविता ना, आणि मुलगी आलीच नाही तर पुरोगामी मतांचा तिला काय उपयोग? पुण्यात अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली काढलेल्या अनाथ बालिकाश्रमासही असेच दोन्हीकडचे शब्द ऐकावे लागले होते.

१९२२ साली लेडी विलिंग्डन अध्यापन विद्यालय निघाले व त्याचे प्रमुखपद सुब्बलक्ष्मींकडे आले. ज्यांना कोणी दारात उभे करीत नसे, त्या मुली आता शिक्षिका होऊन स्वतःच्या मिळकतीवर उभ्या राहू लागल्या. सरकारी आश्रमात अठरा वर्षांवरील विधवांना प्रवेश नसे, म्हणून प्रौढ विधवांसाठी शारदा विद्यालय निघाले. १९३८ साली ते रामकृष्ण मिशनच्या हाती सोपविले गेले. किनाऱ्यावरील कोळ्यांच्या मुलांसाठीही सुब्बलक्ष्मींनी शाळा काढली. बालविवाहास आळा घालणाऱ्या १९२९ च्या कायद्यास त्यांचा पाठिंबा होता. सेवानिवृत्तीनंतर विश्रांती घ्यावी, तर १९४२ साली त्यांनी प्रौढ स्त्रियांसाठी 'श्रीविद्या कलानिलयम्' उघडले.

शासनाने १९५८ साली त्यांना पद्मश्री दिली. लोक मात्र त्यांना अखेरपर्यंत 'सिस्टर' म्हणजे भगिनी म्हणूनच ओळखीत. २० डिसेंबर १९६९ रोजी, वैकुंठ एकादशीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला.