चित्रकार जेम्स वेल्स

सांगोल्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात एका करारामुळे प्रसिद्ध आहे, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. सन १७५० मध्ये येथे झालेल्या त्या कराराने छत्रपती रामराजे यांजकडील राज्यकारभाराचा अधिकार पेशव्यांकडे गेला, आणि पुणे हीच मराठ्यांची खरी राजधानी झाली. म्हणून पुढे चाळीस वर्षांनी एक स्कॉच चित्रकार मराठ्यांच्या राज्यकर्त्यांची चित्रे काढावयास आला, तेव्हा तो साताऱ्यास न जाता पुण्यास गेला. नाना फडणवीसांचा तो सडपातळ देह व लांबट चेहरा आपण शाळेच्या पुस्तकांत पाहिला आहे. तो आज आपणांस ठाऊक आहे, ह्याचे बरेचसे श्रेय ह्या परक्या मनुष्याला आहे. त्याचे नाव जेम्स वेल्स.

वेल्सचा जन्म १७४७ च्या सुमारास स्कॉटलंड देशातील पीटरहेड ह्या समुद्रकाठच्या गावी झाला. अ‍ॅबर्डीन येथील मारिशल कॉलेजात त्याचे शिक्षण झाले, परंतु चित्रकला तो बहुतेक आपली आपणच शिकला. आरंभी तो टिनच्या पत्र्यावर लोकांच्या लहान लहान तसबिरी रंगवी व थोड्या पैशांत विकी. पुढे तो लंडनास गेला. तेथील प्रदर्शनांत त्याची चित्रे मांडली गेली. पण त्या शहरात नामांकित चित्रकारांची दाटी होती. शेवटी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे बहुतेक माणसे स्थिरस्थावर होतात त्या वयात, तो जहाजात बसून १७९१ साली मुंबईस उतरला.

त्या वेळी पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट हा होता. त्याचा बंगला मुळा व मुठा ह्या नद्यांच्या संगमावर असे. मॅलेटला येथील लेणी, देवळे, पशुपक्षी ह्या सर्वांविषयी मोठी जिज्ञासा होती. त्याने वेल्सला आश्रय दिला, आणि १७९२ साली वेल्स पुण्यास येऊन कामास लागला.

आपल्याकडे चित्रकार नव्हते असे नाही. परंतु येथील चित्रात मुखाची बहुधा एकच बाजू दाखवीत, आणि रंग सपाट भरीत. वेल्स कॅनव्हासावर तैलरंगांनी काम करी. उजेड कोठून पडतो, गालावर सावली कोठे येते, हे समोरच्या माणसाकडे पाहून उतरवी. ह्याकरिता ज्याचे चित्र काढावयाचे त्याला बराच वेळ स्वस्थ बसावे लागे. आज खेडोपाडी प्रत्येकाच्या हाती फोटोचे यंत्र आहे, म्हणून ह्याचे आपणांस महत्त्व वाटणार नाही; पण राज्याच्या चिंतेने ग्रासलेल्या नानांनी त्या परदेशीयासमोर बसून राहावे, ही गोष्ट साधी नव्हे. सवाई माधवराव पेशवे त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. अंगावर रत्ने व मोती ल्यालेल्या त्या तरुण धन्याचे, जवळ कारभारी नाना, असे १७९२ चे जे चित्र वेल्सने काढले, ते लंडन येथील रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रही गेले. महादजी शिंदे त्याच वर्षी उत्तरेकडून पुण्यास आले होते. त्यांचीही तसबीर त्याने काढली. दोनच वर्षांनी, १७९४ च्या फेब्रुवारीत, वानवडीस महादजींचा अंत झाला.

ह्याच सुमारास दूर अमेरिकेत गिल्बर्ट स्टुअर्ट नावाचा चित्रकार जॉर्ज वॉशिंग्टन यांस समोर बसवून त्यांच्या तसबिरी काढीत होता. त्यांपैकी १७९६ ची एक त्याने अपुरीच ठेविली, आणि तीच आज त्या देशाच्या एक डॉलरच्या नोटेवर आहे.

वेल्सचेही सर्वांत मोठे काम अपुरे राहिले. टिपूविरुद्ध इंग्रज व पेशवे यांजमध्ये १७९० साली जो तह झाला, त्याच्या दरबाराचे भव्य चित्र मॅलेटला हवे होते. वेल्स तर त्या दरबारानंतर एक वर्षाने देशात आला. तेव्हा एकेका सरदाराचा चेहरा निरनिराळा टिपून घेऊन तो प्रसंग उभा करावयाचा होता. हे काम चालू असता त्याने लेण्यांचेही काम हाती घेतले होते.

ह्या कामी त्याच्या सोबतीस पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट हा होता. हा जातीचा तांबट. वेल्स येण्यापूर्वीच तो मॅलेटकरिता चित्रे काढीत असे. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने काढलेले चित्र १७९० सालचे आहे. म्हणजे वेल्सने अडाण्याला शहाणे केले, असे जे कोणी समजतात ते चुकतात. तथापि इंग्रजी पद्धतीची सावली व अंतर दाखविण्याची रीत वेल्सने त्याला दाखविली, हे खरे. आणि वेरूळची अवघड लेणी कागदावर उतरविण्यात गंगारामाच्या हाताचा वेल्सला मोठा उपयोग झाला, हेही तितकेच खरे.

१७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली पडून मरण पावले. त्यांचे वय एकवीस. त्यानंतर पुढच्याच महिन्यात, लेण्यांची चित्रे काढण्याचे काम चालू असता, वेल्सही ठाणे येथे वारला, असे समजतात. चित्रकार आणि त्याचा धनी ह्यांच्या मरणांत काही आठवड्यांचेच अंतर. तीन वर्षे उशीर झाला असता, तर ते मुख आज असे आपणांस दिसलेच नसते.

पुढे १७९९ साली वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी मॅलेटने विवाह केला. वेल्सने उतरविलेल्या वेरूळच्या लेण्यांवरून टॉमस डॅनियल ह्या इंग्रज चित्रकाराने १८०३ साली चोवीस चित्रांचा ग्रंथ काढिला. दरबाराचे चित्रही डॅनियलनेच पुरे केले व १८०५ साली लंडनात मांडिले. त्यावर नाव त्याचेच पडले. ते आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गंगारामाच्या हातची पुष्कळ चित्रे मात्र समुद्र ओलांडून आणखी दूर गेली. वेरूळची लेणी आणि पेशव्यांचा तो गेंडा अमेरिकेत न्यू हेवन येथे येल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेविलेले आहेत.