रामचंद्रपंत अमात्य

रामचंद्र नीळकंठ ऊर्फ रामचंद्रपंत अमात्य (मृत्यू : इ.स. १७१६) हे मराठेशाहीतील मुत्सद्दी व प्रशासक होते. छत्रपती राजाराम महाराज जिंजीत असताना महाराष्ट्रातील स्वराज्याचा कारभार त्यांनी सांभाळला. ‘आज्ञापत्र’ या राजनीतिपर ग्रंथाचे कर्तृत्व त्यांच्याकडे दिले जाते.

पूर्वायुष्य

त्यांचे वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे मुजुमदार होते. वडिलांच्या पश्चात हे पद घराण्यातच राहिले. ६ जून १६७४ रोजी झालेल्या राज्याभिषेकाच्या वेळी ‘मुजुमदार’ या पदास ‘अमात्य’ हे संस्कृत नाव मिळाले. जमाखर्चाची तपासणी हे अमात्याचे मुख्य काम होते.

इ.स. १६८९ चा पेचप्रसंग

मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या करविली आणि मोगल फौजांनी रायगडास वेढा घातला. राजाराम महाराज गडावरून निसटून पन्हाळ्यामार्गे दक्षिणेतील जिंजीस गेले. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला. येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजा दूर, राजधानी शत्रूच्या हाती आणि खजिना रिता, अशी महाराष्ट्रातील स्थिती झाली. जिंजीहून येणाऱ्या आदेशांची वाट पाहत कारभार चालविणे शक्य नव्हते. म्हणून राजाराम महाराजांनी रामचंद्रपंतांना ‘हुकुमतपन्हा’ हा किताब देऊन जागच्या जागी निर्णय घेण्याचे व्यापक अधिकार दिले.

कारभार आणि सहकारी

रामचंद्रपंतांनी हे अधिकार स्वतःपुरते राखले नाहीत. शंकराजी नारायण सचिव व परशुराम त्रिंबक यांच्याकडे त्यांनी प्रदेश व किल्ल्यांची जबाबदारी सोपविली. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी मोगल फौजांवर छापे घालून त्यांची रसद तोडली. इ.स. १६९० मध्ये प्रतापगड, राजगड व तोरणा हे किल्ले मराठ्यांनी परत मिळविले, तर १६९२ मध्ये परशुराम त्रिंबकांनी पन्हाळा घेतला. संताजी आणि धनाजी यांच्यातील वैर मात्र मिटले नाही. त्याचा शेवट १६९७ मध्ये संताजींच्या हत्येत झाला.

वतनांचा प्रश्न

औरंगजेब मराठा सरदारांना वतने व मनसबी देऊन आपल्याकडे ओढत होता. फौजेस नियमित पगार देण्याइतका पैसा स्वराज्याकडे नव्हता. शिवाजी महाराजांनी नवी वतने देण्याचे शक्यतो टाळले होते. परंतु या काळात ते धोरण बाजूस ठेवून सरदारांना वतने व सरंजाम देण्यात आले. मोगलांकडे गेलेल्या कित्येकांना परत आणण्यासाठीही हाच मार्ग वापरला गेला. यामुळे माणसे टिकली व लढा चालू राहिला. मात्र पुढे सरदार प्रबळ होऊन मध्यवर्ती सत्ता दुर्बळ झाली.

उत्तरायुष्य

जिंजीतून सुटून राजाराम महाराज १६९८ मध्ये महाराष्ट्रात परतले व मार्च १७०० मध्ये सिंहगडावर निधन पावले. त्यानंतर ताराबाईंनी लढ्याचे नेतृत्व केले. शाहू महाराजांच्या सुटकेनंतर राज्यात दुफळी झाली, तेव्हा रामचंद्रपंत कोल्हापूरच्या पक्षात राहिले. १७१४ मध्ये तेथे सत्तांतर होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. या घडामोडीस रामचंद्रपंतांचा पाठिंबा होता. त्यांच्या वंशजांकडे गगनबावडा येथील जहागीर राहिली.

आज्ञापत्र

सुमारे १७१५ मध्ये लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात राजाची कर्तव्ये, प्रधानांची निवड, सावकार, वतनदार, किल्ले आणि आरमार यांचा विचार आहे. आरमारासाठी लाकूड मिळविताना रयतेच्या आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये, अशी ताकीद त्यात आढळते. वतनदारांसंबंधीचे प्रकरण विशेष महत्त्वाचे आहे. वतनदार हे राज्याचे भागीदार असले तरी त्यांची स्वतंत्र होण्याची वृत्ती राज्यास घातक ठरते, म्हणून त्यांना स्नेह व दंड या दोहोंच्या मध्ये ठेवावे, असे त्यात प्रतिपादिले आहे. अडचणीच्या काळात वतने देऊन राज्य तगविणाऱ्या कारभाऱ्याचा अनुभव या विवेचनामागे दिसतो.