मेजर ध्यानचंद : त्यांनी निवडलेला सामना

ज्यांच्या जन्मदिनी, २९ ऑगस्टला, देशभर क्रीडादिन साजरा होतो, ते ध्यानचंद १९०५ साली प्रयाग येथे जन्मले. पुढे झाशी हेच त्यांचे गाव ठरले. बालपणी कुस्तीची ओढ असलेला हा मुलगा १९२२ मध्ये साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. हॉकीचे धडे त्यास सुभेदार-मेजर बाले तिवारी यांनी दिले.

ॲमस्टरडॅम, लॉस एंजेलिस आणि बर्लिन येथील सुवर्णपदके सर्वश्रुत आहेत. स्वतः त्यांनी मात्र आपला सर्वोत्तम सामना म्हणून निवडला तो आपल्या बजबजच्या शेजारी, कलकत्त्यात, १९३३ साली झालेला बेटन चषकाचा अंतिम सामना. त्यांचा संघ झाशी हीरोज. समोर बलाढ्य कलकत्ता कस्टम्स. कस्टम्सच्या चढायांना खळ नव्हता. अशा वेळी ध्यानचंदांनी मैदानाच्या मध्यातून दूरवर चेंडू धाडला. इस्माईल त्यामागे वाऱ्यासारखे धावले आणि बचावातील क्षणभराच्या गोंधळाचा लाभ घेऊन त्यांनी सामन्यातील एकमेव गोल केला.

शेकडो गोल ज्यांच्या नावावर, त्यांनी दुसऱ्याच्या गोलाचा सामना निवडावा! त्यांच्या प्रेरणेचे मूळ मला या निवडीत दिसते, पदकांच्या यादीत नव्हे.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी, बर्लिनच्या अंतिम सामन्यापूर्वी, बंगालचे पंकज गुप्ता यांनी खेळाडूंच्या खोलीत तिरंगा बाहेर काढला. कर्णधार ध्यानचंदांसह सर्वांनी त्यास वंदन केले. जर्मनीचा ८-१ असा पराभव झाला.

१९५६ मध्ये ते सैन्यातून निवृत्त झाले. अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार झाशीच्या हीरोज मैदानावर झाले.