बेकेलाइटचे जनक लिओ बेकलँड

विजेचे होल्डर, दूरध्वनी संच आणि रेडिओच्या पेट्या यांच्या रूपाने विसाव्या शतकात घरोघरी पोहोचलेले बेकेलाइट हे पहिले संपूर्ण कृत्रिम प्लॅस्टिक होय. त्याचे जनक लिओ हेंड्रिक बेकलँड यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधील गेंट येथे एका पादत्राणे तयार करणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी त्यांनी गेंट विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १८८९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि तेथेच स्थायिक झाले.

कृत्रिम प्रकाशात छायाचित्रे छापण्यास उपयुक्त असा 'व्हेलॉक्स' कागद त्यांनी विकसित केला. १८९९ मध्ये हा व्यवसाय जॉर्ज ईस्टमन यांच्या कंपनीला विकून त्यांनी आर्थिक स्वातंत्र्य मिळवले आणि न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथे राहत्या घरीच प्रयोगशाळा उभारली.

विजेचा वापर वाढत होता. विद्युतरोधक म्हणून वापरला जाणारा चपडा लाखेच्या किड्यांपासून मिळे आणि त्याचा पुरवठा प्रामुख्याने भारतातून होई. या नैसर्गिक पदार्थाला पर्याय शोधण्याचे काम बेकलँड यांनी हाती घेतले.

फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्या संयोगातून राळ तयार होते, हे अडोल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच नोंदवले होते. मात्र ही अभिक्रिया आवरता येत नसे. बाहेर पडणाऱ्या वाफेमुळे राळ फसफसून सच्छिद्र होई. बेकलँड यांनी बंद पात्रात उष्णतेबरोबरच दाबही वापरला. त्यामुळे बुडबुडे रोखले गेले आणि साच्यात एकसंध, कठीण वस्तू तयार होऊ लागली. या पद्धतीच्या पेटंटसाठी त्यांनी १९०७ मध्ये अर्ज केला व १९०९ मध्ये संशोधन जाहीर केले.

नुसती राळ कठीण असली तरी ठिसूळ होती. तिच्यात लाकडाची बारीक पूड मिसळताच आघात सोसण्याची क्षमता वाढली. अधिक उष्णता सहन करण्यासाठी अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू, तर मजबूत पत्र्यांसाठी कागद व कापडाचे थर वापरले गेले. मूळ राळ तीच ठेवून मिश्रणाद्वारे हवे ते गुणधर्म साधता येतात, हे उद्योगांना उमगले.

१९१० मध्ये त्यांनी जनरल बेकेलाइट कंपनी स्थापन केली. प्रतिस्पर्ध्यांशी चाललेले पेटंटविषयक वाद १९२२ मधील विलीनीकरणाने मिटले. १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडकडे गेली. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे बेकलँड यांचे निधन झाले.

एकदा घट्ट झालेले बेकेलाइट पुन्हा वितळत नाही. कुकरच्या मुठीसाठी हा गुण वरदान ठरला, पण त्यामुळेच टाकाऊ वस्तू वितळवून नवी घडवता येत नाही. बेकलँड यांच्या संशोधनाचा हा दुहेरी वारसा आजही कायम आहे.