एकोणपन्नास आणि शून्य

व्यावसायिक बॉक्सरची सारी कारकीर्द तीन आकड्यांत मांडतात: किती लढती जिंकल्या, किती हरल्या आणि किती बरोबरीत सुटल्या. रॉकी मार्सियानोच्या नावापुढे ४९, ० आणि ० असे आकडे आहेत. त्या ४९ पैकी ४३ लढती त्याने नॉकआउटने जिंकल्या. हेवीवेट गटाचे विश्वविजेतेपद मिळवायचे, एकही लढत हरायची नाही, एकही बरोबरीत सोडायची नाही आणि तसेच निवृत्त व्हायचे, हे त्याच्याआधी कोणालाही जमले नव्हते. इतका स्वच्छ हिशोब पाहिला की वाटते, हा माणूस जन्मतःच अजिंक्य असणार. प्रत्यक्षात मात्र तो अनेकदा हरला होता, आणि एकदा तर त्या ४९ लढतींचा हिशोब सुरू झाल्यानंतरसुद्धा.

रॉकीचे मूळ नाव रॉको फ्रान्सिस मार्केजियानो. १ सप्टेंबर १९२३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉक्टन शहरात त्याचा जन्म झाला. आईवडील इटलीहून आलेले. दीड वर्षाचा असताना त्याला न्यूमोनिया झाला आणि तो जेमतेम वाचला. ब्रॉक्टन हे बुटांच्या कारखान्यांचे गाव. वडील पिएरिनो अशाच एका कारखान्यात काम करत. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यातून लढले होते आणि विषारी वायूने त्यांची तब्येत कायमची बिघडली होती. तशा अवस्थेत ते सहा मुलांचे पोट भरत होते. थकून घरी येणाऱ्या वडिलांना पाहून रॉकीने लहानपणीच ठरवले होते की, आपण जन्मभर कारखान्यात राहायचे नाही.

त्याचे पहिले स्वप्न बॉक्सिंगचे नव्हतेच. त्याला बेसबॉलपटू व्हायचे होते. दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि मिळेल ते काम केले. बर्फ आणि कोळसा वाहिला, खड्डे खणले, काही काळ बुटांच्या कारखान्यातही राबला. १९४३ मध्ये त्याला सैन्यात बोलावणे आले. इंजिनिअर तुकडीत त्याची नेमणूक झाली आणि तो ब्रिटनमध्ये वेल्सच्या स्वान्सी बंदरात पोहोचला. नॉर्मंडीच्या मोहिमेसाठी इंग्लिश खाडीपलीकडे सामान पोहोचवण्याचे काम त्याच्या तुकडीकडे होते.

सैन्यातच तो बॉक्सिंगकडे वळला. १९४६ मध्ये सुट्टीवर गावी आला असताना त्याने एक हौशी सामना घेतला. वजन वाढलेले, सिगारेटची सवय आणि सराव शून्य. थोड्याच वेळात त्याला धाप लागली आणि भांबावलेल्या रॉकीने प्रतिस्पर्ध्याला गुडघा मारला. पंचांनी त्याला बाद केले. स्वतःच्या गावात, ओळखीच्या लोकांसमोर झालेली ही नाचक्की त्याच्या मनाला लागली. त्यानंतर दम कमी पडला म्हणून तो कधीही हरला नाही.

१७ मार्च १९४७ रोजी होलिओक गावात त्याने पहिली व्यावसायिक लढत जिंकली. हौशी स्पर्धांचा दरवाजा बंद होऊ नये म्हणून ती त्याने 'रॉकी मॅक' या नावाने खेळली. त्याच वसंतात शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने त्याला चाचणीसाठी बोलावले. पण त्याच्या फेकीत पुरेशी ताकद आणि अचूकता नव्हती, म्हणून त्याला घरी पाठवण्यात आले. मग पुढच्या वर्षी 'गोल्डन ग्लोव्ह्ज' या हौशी स्पर्धेत न्यूयॉर्कला कोली वॉलेसने त्याला गुणांवर हरवले. म्हणजे ४९ विजयांतला पहिला विजय १९४७ चा आणि हा पराभव १९४८ चा! हौशी लढती व्यावसायिक हिशोबात धरत नाहीत, त्यामुळे ते शून्य नियमाप्रमाणे खरेच आहे. पण रॉकीला हरणे कसे असते ते पक्के ठाऊक होते.

आता वय झाले होते २४. रॉकी आणि त्याचा बालमित्र ॲली कोलंबो न्यूयॉर्कला चार्ली गोल्डमन या प्रशिक्षकांकडे गेले. गोल्डमन स्वतः लहान चणीचे जुने बॉक्सर. समोर उभा राहिलेला मुलगा पाहून दुसऱ्या कोणी नकारच दिला असता. उंची ५ फूट १० इंच, वजन ८४ किलोच्या आसपास, हेवीवेटच्या मानाने हात फारच आखूड, पायांची ठेवण बेंगरूळ. जमेची बाजू एकच, उजव्या हाताचा ठोसा.

गोल्डमन यांनी त्याला दुसऱ्या कोणासारखे बनवण्याचा प्रयत्न केला नाही. उंची कमी आहे ना, मग आणखी वाकून लढ, म्हणजे समोरच्याला खाली ठोसा मारावा लागेल. हात आखूड आहेत ना, मग अंगाला भिडून लढ. पाय फार फाकतात म्हणून त्यांनी सरावात त्याचे पाय दोरीने बांधले. दुबळा डावा हात घासून घासून तयार केला. रॉकी पोहण्याच्या तलावात उतरून पाण्याखाली ठोसे मारण्याचा सराव करी. ब्रॉक्टनमध्ये तो आणि ॲली रोज मैलोन्‌मैल धावत. मॅनेजर अल वाइल यांच्या काळात त्याचे लांबलचक आडनाव लहान होऊन 'मार्सियानो' झाले.

विजय मिळू लागले, पण त्यातल्या एकाची किंमत दुसऱ्यानेच मोजली. ३० डिसेंबर १९४९ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याची गाठ कार्माइन विंगो या विशीतल्या बॉक्सरशी पडली. सहाव्या फेरीत विंगो कोसळला तो बेशुद्धच झाला. त्याच्या जिवाचा भरवसा राहिला नव्हता. तो वाचला, पण पुन्हा कधीही रिंगमध्ये उतरू शकला नाही. रॉकी त्याला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेला, उपचारांच्या खर्चाला त्याने हातभार लावला, आणि पुढच्या वर्षी रॉकीच्या लग्नात विंगो पाहुणा म्हणून हजर होता. आकड्यांच्या तक्त्यात मात्र ही लढत बाकीच्या विजयांसारखाच एक विजय म्हणून नोंदलेली आहे.

दुसरी अशी लढत २६ ऑक्टोबर १९५१ ची, जो लुईविरुद्ध. लुई हा रॉकीचा लहानपणापासूनचा आदर्श. तो बारा वर्षांच्या आसपास विश्वविजेता राहिला होता आणि निवृत्तही झाला होता. पण कराची प्रचंड थकबाकी होती, म्हणून त्याला वयाच्या ३७ व्या वर्षी पुन्हा ग्लोव्ह्ज घालावे लागले होते. आठव्या फेरीत रॉकीच्या ठोशाने लुई दोरांमधून रिंगबाहेर गेला. लढत संपल्यावर रॉकी लुईच्या खोलीत गेला आणि रडला. आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय मिळवून तो रडत होता.

विश्वविजेतेपदाची लढत झाली २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियामध्ये. समोर विजेता जर्सी जो वॉलकॉट, वय ३८. पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या ठोशाने रॉकी खाली पडला. व्यावसायिक लढतीत तो पहिल्यांदाच जमिनीला टेकला होता. उठला, पण पुढेही मार खात राहिला. १२ फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही परीक्षकांच्या गुणांत तो मागे होता. १५ फेऱ्यांपैकी तीन उरल्या होत्या आणि गुणांवर जिंकणे जवळजवळ अशक्य होते. तेराव्या फेरीत वॉलकॉट दोरांना टेकला आणि रॉकीचा उजवा ठोसा जेमतेम फूटभर अंतरावरून त्याच्या जबड्यावर बसला. वॉलकॉट एका हाताने दोर धरून गुडघ्यांवर घसरला आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत उठू शकला नाही. त्या रात्री ते शून्य जाता जाता राहिले.

विजेतेपद त्याने सहा वेळा राखले. १९५४ च्या सप्टेंबरमध्ये एझर्ड चार्ल्सच्या माऱ्याने त्याचे नाक चिरले आणि रक्त थांबेना. लढत थांबवली गेली तर विजेतेपद जाणार हे दिसत होते. रॉकीने आठव्या फेरीत चार्ल्सला नॉकआउट केले. २१ सप्टेंबर १९५५ रोजी आर्ची मूरने दुसऱ्याच फेरीत त्याला पाडले. तेव्हाही तो उठला आणि नवव्या फेरीत जिंकला. ती त्याची एकोणपन्नासावी लढत.

काही जाणकार म्हणतात की, रॉकीचे मोठे प्रतिस्पर्धी वय झालेले होते. लुई, वॉलकॉट आणि मूर यांची वये पाहिली तर हे म्हणणे खोटे नाही. पण वॉलकॉट त्या वेळी जगज्जेता होता आणि रॉकीने त्याला त्याच्याच खुर्चीवरून उतरवले. समोर जो उभा आहे, त्याच्याशीच लढता येते.

२७ एप्रिल १९५६ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. सरावासाठी महिनोन्‌महिने घराबाहेर राहावे लागे. त्याला आता घरी राहायचे होते. ५० हा गोल आकडा एका लढतीवर होता आणि पैसाही भरपूर मिळाला असता. १९५९ मध्ये पुनरागमनाचा विचार त्याच्या मनात आला. त्याने महिनाभर गुपचूप सराव केला आणि विचार सोडून दिला. मला वाटते, दोरांमधून बाहेर पडलेला जो लुई तो कधीच विसरला नसावा. उठून उभे राहणे त्याला जमत होतेच. थांबणे त्याहून अवघड असावे, कारण तिथे आकडे मोजायला पंच नसतो.

३१ ऑगस्ट १९६९ च्या रात्री आयोवा राज्यात न्यूटनजवळ एक छोटे विमान कोसळले. त्यात रॉकीसह तिघे मरण पावले. दुसऱ्या दिवशी त्याचा ४६ वा वाढदिवस होता. पुढे १९८५ मध्ये हेवीवेट विजेता लॅरी होम्स ४८ विजयांपर्यंत पोहोचला आणि पुढचीच लढत हरला. २०१७ मध्ये फ्लॉइड मेवेदरने ५० विजय पूर्ण केले, पण तो हलक्या वजनी गटांतला.

मित्रांनो, आपल्या इंटर-हाऊस बॉक्सिंगमध्ये दरवर्षी निम्मे मुलगे हरतात. फलकावर फक्त निकाल लागतो. कोण पहिल्या फेरीत पडून उठला, कोणाचा दम का कमी पडला आणि जिंकल्यावर कोण हरलेल्याची चौकशी करायला एमआय रूममध्ये गेला, हे फलकावर लिहीत नाहीत. रॉकीच्या ४९ आणि ० मध्येही ते लिहिलेले नाही. म्हणून त्याचे आकडे पाठ करताना गावात बाद झालेला रॉकी, विंगोच्या उशाशी गेलेला रॉकी आणि एका लढतीवर असलेला पन्नासावा विजय सोडून देणारा रॉकी, हे तिघेही आपल्या लक्षात राहिले पाहिजेत.